सॅलिसबरीचा ऑर्गन घरच्या संगणकावर: खर्च नेमका कुठे होतो?

संगीत नाटकांतला ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायची रीड्सची पेटी. इंग्लंडमधल्या सॅलिसबरी कॅथेड्रलचा ऑर्गन मात्र हजारो पाइपांचा. हेन्री विलिस यांनी तो 1877 मध्ये उभारला. त्याचे पाइप एकेक करून रेकॉर्ड केलेला संच ‘हाउप्टवेर्क’ या सॉफ्टवेअरवर वाजवता येतो. असा संच घ्यायचा तर किमतीआधी मेमरीचा हिशेब करा.

मेमरी: पट्टी सोडल्यावर कॅथेड्रलमध्ये घुमत राहणारा नादही रेकॉर्ड केलेला असतो, तोही पट्टी किती वेळ दाबली त्यानुसार वेगवेगळा. एका पट्टीमागे एकूण 20 सेकंदांचे ध्वनी धरले, तर 48 किलोहर्ट्झ, 24 बिट स्टीरिओत पावणेसहा एमबी होतात. 61 पट्ट्यांचा एक स्टॉप, म्हणजे एका नादाच्या पाइपांची रांग, 350 एमबी घेतो. असे 40 स्टॉप म्हणजे 14 जीबी. आठ जीबीच्या लॅपटॉपवर हे मावत नाही. 16 बिटवर उतरलात तर एक तृतीयांश जागा वाचते. हवे तेवढेच स्टॉप लोड करणे हा बिनखर्चाचा उपाय.

सॉफ्टवेअर: ‘ग्रँडऑर्ग’ फुकट आहे आणि त्यासाठी फुकट संचही मिळतात. पण हाउप्टवेर्कचे एन्क्रिप्ट केलेले संच त्यात उघडत नाहीत. ‘कॉन्टॅक्ट’ या सॅम्पलर सॉफ्टवेअरसाठीचा संच घेताना तो त्याच्या फुकट प्लेअरवर चालतो का, ते आधी पाहा. पूर्ण आवृत्ती लागणारा संच प्लेअरवर 15 मिनिटांत थांबतो.

कर: परदेशी डाउनलोडवर 18 टक्के जीएसटी धरा. 10,000 रुपयांचा संच 11,800 ला पडतो. कार्डाचे परकीय चलन शुल्क वेगळे.

हार्डवेअर: 61 पट्ट्यांच्या मिडी कीबोर्डसाठी पंधरा-वीस हजार बाजूला ठेवा. पायपट्ट्यांचा मिडी पेडलबोर्ड मागवलात, तर खर्च सहज लाखापुढे जातो. नुसत्या रचनेसाठी त्याची गरज नाही. पायाचे सूर दुसऱ्या ट्रॅकवर हाताने वाजवा. 32 फुटी स्टॉपचा सर्वांत खालचा ‘सी’ सुमारे 16 हर्ट्झचा असतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर त्याचा खर्ज उमटतच नाही, तेव्हा चांगला हेडफोन आधी.

पैसे भरण्यापूर्वी: परवाना किती संगणकांवर चालेल, दुसऱ्याला विकता येईल का आणि रचना व्यावसायिक कामात वापरता येईल का, हे वाचून घ्या. मग फुकट संचावर महिनाभर काम करा आणि आपण खरोखर कोणते स्टॉप ओढतो ते लिहून ठेवा. यादी सात-आठवरच थांबली, तर चाळीस स्टॉपांची मेमरी कशाला विकत घ्यायची?