उपचाराचा निर्णय : डॉक्टर व रुग्ण यांची समाईक जबाबदारी

“डॉक्टरसाहेब, आम्हांला काय कळतं? तुम्हीच काय ते ठरवा.” नायगाव परिसरातील कोणत्याही दवाखान्यात हे उद्गार सहज कानी पडतात. या वाक्यात डॉक्टरांविषयीचा विश्वास आहे आणि तो मोलाचा आहे. परंतु त्यातच स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची सवयही दडलेली आहे.

या सवयीचे मोल किती द्यावे लागते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ साली पुढे आलेल्या पाहणीनुसार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. कामाचा खाडा, मजुरीची कपात आणि कर्करोगाची भीती यांच्या दडपणाखाली घेतलेल्या निर्णयाला पूर्ण विचारांती दिलेली संमती कसे म्हणावे? अतिरक्तस्रावावर अनेकदा औषधोपचाराने उतार पडतो, तसेच अंडाशयही अकाली काढल्यास हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, हे आधी सांगितले गेले असते तर काहींनी वेगळा मार्ग निवडला असता.

संमती म्हणजे केवळ कागदावरील अंगठा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी एका खटल्यात स्पष्ट केले की, तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी पुरेशी ठरत नाही. आणि रुग्ण सज्ञान व सक्षम असताना, प्राणावर बेतलेले नसेल तर, आईने दिलेली संमतीही चालत नाही. राज्यातील शुश्रूषागृहांसाठी २०२१ साली केलेल्या सुधारित नियमांतही रुग्णहक्कांच्या सनदेला स्थान मिळाले आहे.

निर्णयात सहभागी होण्यासाठी वैद्यकशास्त्र शिकावे लागत नाही. पुढील पाच प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधते : आजार नेमका कोणता? उपचाराचे पर्याय किती? प्रत्येकाचे लाभ व धोके काय? खर्च किती? काही काळ थांबल्यास काय होईल? शंका उरल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान नाही. आपल्या उपचारांची कागदपत्रेही मागून घ्यावीत.

डॉक्टरांपुढे रुग्णांची रांग असते, वेळ अपुरा असतो, ही अडचण खरी आहे. तथापि, रुग्णाच्या बोलीत सांगितलेली चार वाक्ये आणि “तुम्हांला काय समजले, ते मला सांगा” ही एक विनंती पुढील अनेक गैरसमज टाळते.

रोगाचे ज्ञान डॉक्टरांपाशी असते. पण शेतातील काम, घरातील अडचणी आणि मनातील भीती रुग्णालाच ठाऊक असते. ही दोन्ही एकत्र येतात तेव्हाच योग्य उपचार ठरतो.