चित्राची पाठ काय सांगते?

प्रश्न : हुसेन यांचं एक चित्र नॉर्वेतल्या इस्पितळात कित्येक वर्षं होतं आणि नंतर शंभरावर कोटींना विकलं गेलं, असं वाचलं. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, हे कसं शोधतात? कोपऱ्यातली सही पाहून भागत नाही का?

उत्तर : नाही भागत. चित्रात नक्कल करायला सर्वांत सोपी असते ती सहीच! जाणकार आधी चित्र उलटं करतात. चौकटीच्या लाकडावर गॅलरीचे शिक्के, प्रदर्शनांच्या चिकटपट्ट्या, लिलावाचे क्रमांक असतात. त्यावरून जुने कॅटलॉग, पावत्या, पत्रं, मृत्युपत्रं असा माग काढत जायचं. जमिनीचे फेरफार तपासतो तसंच हे. कॅटलॉगमध्ये नावापेक्षा मापं महत्त्वाची. गायतोंडे यांच्यासारखे चित्रकार बहुतेक चित्रांना नावच देत नसत. मग सेंटीमीटर जुळवण्यावाचून गत्यंतर नाही.

तुम्ही वाचलेलं चित्र म्हणजे 'ग्रामयात्रा', १९५४ सालचं. त्याची साखळी फार आखूड आहे. त्याच वर्षी लिऑन वोलोदार्स्की या नॉर्वेतल्या डॉक्टरांनी ते दिल्लीत घेतलं. १९६४ मध्ये ते ओस्लोच्या इस्पितळाला मिळालं आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. मधे एकही रिकामं वर्ष नाही, हे गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं फार मोलाचं. युरोपातल्या जुन्या चित्राच्या इतिहासात १९३३ ते १९४५ ही नाझी राजवटीची वर्षं कोरी दिसली, तर ते ज्यू कुटुंबाकडून लुबाडलेलं तर नाही ना, अशी शंका आधी येते.

कागद मिळाले म्हणजे काम झालं, हाही गैरसमजच. जॉन ड्रू या लंडनच्या भामट्यानं जॉन मायट या चित्रकाराकडून बनावट चित्रं करवून घेतली आणि त्यांचे खोटे पुरावे चक्क टेट गॅलरीच्या दप्तरात नेऊन ठेवले. दप्तरातून कागद चोरणारे पुष्कळ. हा गुपचूप भर घालणारा! १९९९ मध्ये त्याला शिक्षा झाली. मायट घराच्या भिंतींना लावायचा इमल्शन रंग वापरत असे. म्हणून कागदांच्या जोडीला रंगाची आणि कॅनव्हासची तपासणीही लागते.

तुम्हाला कुणी महागडं चित्र दाखवलं, तर पाठ बघायला मागा, मापं घ्या आणि पहिल्या खरेदीची पावती विचारा. 'एका जुन्या घराण्यातून आलंय' एवढंच उत्तर मिळालं, तर पैसे देऊ नका.