फीची पावती फाईलला लावण्याआधी

कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या राउंडमध्ये मुलाचं नाव लागलं, फी भरून झाली, की पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, एवढे पैसे भरले, टॅक्समध्ये किती सुटतील?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: "तुमची करप्रणाली जुनी की नवी?"

नवी असेल, तर कॉलेजची फी किंवा शैक्षणिक कर्जाचं व्याज यांवर वजावट नाही. पण हळहळू नका. आर्थिक वर्ष 2025-26 पासून त्या प्रणालीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत करच लागत नाही. मग वाचवायचं काय?

जुनी असेल, तर पावती नीट वाचा. समजा, 1 लाख 10 हजार भरले. त्यात ट्यूशन फी 80 हजार. बाकी डेव्हलपमेंट फी, जिमखाना, अनामत. वजावट फक्त 80 हजारांची. हॉस्टेल, मेस, खासगी क्लास, देणगी यांतलं काहीच धरत नाहीत. अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि संस्था भारतातली हवी. शिवाय ही रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नाही. 20 टक्क्यांच्या टप्प्यात सेससह वाचतात 16,640 रुपये. तेही पीएफ, विमा, घरकर्जाचं मुद्दल यांनी दीड लाखाची मर्यादा आधीच गाठली नसेल तर! आईही कर भरत असेल, तर फी दोघांनी आपापल्या खात्यातून विभागून भरावी. मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र आहे.

बँकेच्या शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाला अशी कमाल मर्यादा नाही आणि परदेशी शिक्षणही चालतं. मात्र कर्जात नाव असलेल्यानेच व्याज स्वतःच्या उत्पन्नातून भरायला हवं. पहिलं व्याज भरलं त्या वर्षापासून एकूण 8 वर्षं ही वजावट मिळते. मामाकडून घेतलेले उसने पैसे यात बसत नाहीत.

आता खरी गोष्ट. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर करसवलत बाजूला ठेवा आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज करा. खुल्या गटासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. सोळा हजारांसाठी सीएकडे चार चकरा मारणारे पालक उत्पन्नाचा दाखला काढायला मात्र कंटाळतात. तहसील कचेरीतली रांग आधी धरा. सीए कुठे जात नाही.