सर्वेक्षणातील प्रश्न-परीक्षा

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्न आपण रुग्णासमोर जितक्या विचाराने योजतो, तितक्या विचाराने सर्वेक्षणाच्या तक्त्यात तो उतरत नाही. त्याचा परिणाम केवढा होतो, हे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांवरून दिसते. ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) मागील १५ दिवसांतील आजारांची चौकशी झाली; त्यांपैकी सुमारे ९५ टक्के आजारांवर अ‍ॅलोपॅथीचे उपचार झाल्याचे आढळले. ७९ व्या फेरीत (जुलै २०२२ ते जून २०२३) मागील ३६५ दिवसांत प्रतिबंधासाठी वा उपचारासाठी आयुष पद्धतींचा उपयोग केला का, हे पाहिले गेले. ग्रामीण भागात सुमारे ४६ व शहरी भागात सुमारे ५३ टक्के व्यक्तींनी तो केला होता. मधल्या काळात कोविडची साथ येऊन गेली हे खरे. तथापि एका मापाचे एकक आजार आहे, दुसऱ्याचे व्यक्ती. एकात पंधरवडा, दुसऱ्यात वर्ष. आपल्या सभांतून केवळ दुसराच आकडा मिरवणे प्रस्तुत लेखकास उचित वाटत नाही.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत आपल्या रुग्णांची पाहणी करू इच्छिणाऱ्या वैद्यांनी प्रथम प्रश्नाची भाषा पाहावी. ‘आयुर्वेदिक औषध घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी गृहिणी सुंठ, ओवा, हिरडा नित्य वापरत असते. तिच्या लेखी ते औषधच नव्हे. त्याऐवजी ‘गेल्या पंधरा दिवसांत पोटासाठी, सांध्यांसाठी, शुगरसाठी काय काय घेतले?’ असे एकेका तक्रारीनुसार विचारावे आणि घरातील बाटल्या, पुड्या, गोळ्यांची पाकिटे प्रत्यक्ष पाहून नोंद करावी. मधुमेही रुग्ण डॉक्टरांच्या गोळ्यांसोबत चूर्णही घेत असेल आणि दोन्हीकडे ते सांगत नसेल, तर रक्तशर्करा अकस्मात उतरण्याचा धोका असतो. ही नोंद सुटली तर सर्वेक्षणाचा उपयोग तो काय?

देगलूर-बिलोलीकडे तेलुगू व कन्नड, किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. तेथील बोली जाणणारा प्रश्नकर्ता हवा. तो आपला कंपाउंडर नसावा. वैद्यांच्या माणसासमोर ‘गुण आला नाही’ असे तोंडावर कोण सांगेल? कारखान्यांचा ऊस-हंगाम सुरू झाला की तोडणी मजुरांच्या घरांना कुलपे असतात. त्या काळातील पाहणीत सर्वाधिक कष्टकरी कुटुंबेच गळतात.

टॅबलेटवर नोंदी घेतल्यास अपुरे वा विसंगत उत्तर जागीच अडवता येते, वेळही आपोआप नोंदली जाते; मात्र प्रश्नच सदोष असेल तर यंत्र तो सुधारीत नाही. औषधी दुकानदारांनी आपले विक्रीपुस्तक पडताळणीसाठी अवश्य द्यावे, परंतु विक्री म्हणजे सेवन नव्हे हे ध्यानी ठेवून. आरंभी दहा-पंधरा घरांत तक्ता वापरून पाहावा, जेथे लोक अडखळतात तो प्रश्न बदलावा, आणि मगच छपाईला द्यावा.