गंडीपेठची वाट : सायकलीवरील एक भूगोलपाठ

हैदराबाद शहराचा नकाशा भिंतीवर टांगून पाहिला, म्हणजे शहराच्या पश्चिमेस दोन मोठे निळे ठिपके दिसतात. वरचा उस्मानसागर, यालाच लोक गंडीपेठ म्हणतात. खालचा हिमायतसागर. दोहोंच्या मध्ये चिलकूरचे रान आहे. आपल्या हिमायतनगरातून सायकलीवर निघून सकाळच्या आत या दोन पाण्यांमधल्या रानापर्यंत पोचता येते. ती वाट कशी आखावी, कोठे जपावे आणि वाटेत काय शिकावे, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. आपल्या वस्तीचे आणि त्या जलाशयाचे नाव एकाच व्यक्तीवरून पडले आहे: सातव्या निजामांचे थोरले पुत्र हिमायत अली खान. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे मराठवाड्यातून आलेली असल्यामुळे त्यांना तिसरे हिमायतनगरही ठाऊक असेल. ते नांदेड जिल्ह्यात असून त्याचे जुने नाव वाढोणा. पत्र पाठविताना होणारा घोटाळा त्यामुळेच.

हे जलाशय सौंदर्यासाठी बांधलेले नाहीत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात जुन्या शहराचा मोठा भाग वाहून गेला आणि सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या एका झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोकांनी प्राण वाचविले. ते झाड आजही दाखविले जाते. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पूर अडवावयाचा तर तो शहरात शिरण्यापूर्वी, नदीच्या वरच्या अंगासच अडविला पाहिजे, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्याप्रमाणे मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. पुराला आवर आणि शहराला पिण्याचे पाणी, अशी दोन्ही कामे त्यांनी केली.

आता वाट. हिमायतनगरहून बशीरबाग, लकडीका पूल, मासाब टँक आणि मेहदीपट्टणम हा पहिला टप्पा. येथे पाहण्यासारखे थोडे आणि सांभाळण्यासारखे फार. सकाळी सातनंतर या रस्त्यावर मुलांनी सायकल घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे लंगरहौजला वाट दुभंगते. डावीकडे बापूघाट लागतो. तेथे ईसी मुसीला मिळते आणि १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग याच संगमात विसर्जित झाला. संगमावर उभे राहिले, की दोन नद्यांवर दोन वेगवेगळी धरणे का बांधावी लागली, हे पुस्तकाविना समजते. उजवीकडची वाट इब्राहिमबागेतील तारामती बारादरीवरून नरसिंगी व कोकापेटमार्गे गंडीपेठच्या बांधाला जाते. घरापासून अंतर साधारण वीस-बावीस किलोमीटर.

हे अंतर सायकलीच्या भाषेत मांडून पाहू. साध्या अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर भरतो. पुढच्या चक्रीला ४४ आणि मागच्या चक्रीला १८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाक २.४४ वेळा फिरते आणि सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे बावीस किलोमीटरला चार हजार फेरे. ताशी बारा किलोमीटरचा सावकाश वेग धरला, तर मिनिटाला छत्तीस-सदतीस फेरे आणि पावणेदोन-दोन तासांचा प्रवास. ज्याने त्याने आपल्या सायकलीचे दाते स्वतः मोजावेत. हे आकडे प्रत्येक सायकलीला वेगळे येतील.

चढ किती? हुसेनसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५१३ मीटर. उस्मानसागराची १७९० फूट, म्हणजे सुमारे ५४५ मीटर. फरक फक्त बत्तीस मीटरांचा. वीस किलोमीटरांवर तो पसरला, तर सहाशे मीटरांना एक मीटर एवढीच चढण पडते. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन धरले, तर ते बत्तीस मीटर उचलण्याचे काम सुमारे २५,००० ज्यूल होते, म्हणजे अवघ्या सहा किलोकॅलरी. शरीर खाल्लेल्या अन्नाचा सुमारे चौथा हिस्साच अशा कामात उतरविते, म्हणून चोवीस धरा. चतकोर भाकरीतही याहून अधिक शक्ती असते! मग गंडीपेठला पोचेपर्यंत पोटऱ्या का भरून येतात?

याचे एक उत्तर जमिनीत आहे. दख्खनच्या पठाराचा हा भाग अतिप्राचीन ग्रॅनाइटचा. त्याची झीज होऊन गोलाकार टेकाडे आणि त्यांमधील सखल पट्टे तयार झाले. या सखल भागांतच येथील जुनी तळी बांधलेली आहेत. रस्ता सरळ चढत नाही. तो वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. उतारावर मिळालेला वेग निम्मा ब्रेकमध्ये आणि निम्मा वाऱ्यात जातो; पुढचा चढ नव्याने विकत घ्यावा लागतो. माझ्या मातृभाषेत, कोंकणीत, चढण्याला ‘चडप’ आणि उतरण्याला ‘देंवप’ म्हणतात. आमच्या घाटांत ही दोन्ही कामे मैल-मैल वेगळी होतात. येथे ती पाच-पाच मिनिटांनी आलटून पालटून येतात, आणि घाटापेक्षा अशीच वाट नवशिक्याला अधिक दमविते.

दुसरे उत्तर वारा. वेग दुप्पट केला, तर हवेचा विरोध चौपट होतो. पावसाळ्यात येथे वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे जाताना तो छातीवर आणि येताना पाठीवर. हिवाळ्यात तो बहुधा पूर्वेकडून येतो. मग जाताना सारे सोपे वाटते आणि खरी परीक्षा परतीला, दमलेल्या पायांची आणि चढत्या उन्हात होते. म्हणून डिसेंबरच्या सहलीत बळ राखून जावे.

गंडीपेठहून रानाकडे जाण्यासाठी नरसिंगीपर्यंत मागे यावे. तेथे बाह्य वळणरस्त्याच्या कडेने सायकलींचा स्वतंत्र मार्ग आहे. तो १ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झाला. दोन शाखा मिळून लांबी २३ किलोमीटर. वर सौर पट्ट्यांचे छप्पर, त्यातून वीज आणि खाली सावली. त्याची एक शाखा पोलीस अकादमीपाशी संपते. मोटारींपासून सुटका करणारा एवढा टप्पा तरी मुलांनी जरूर वापरावा.

अकादमीपासून विकाराबादकडे जाणाऱ्या महामार्गाला लागले, की वडाची झाडे सुरू होतात. येथून मन्नेगुडापर्यंतच्या सुमारे ४६ किलोमीटरांत असे सुमारे नऊशे वड आहेत. रस्ता रुंद करावयाचा तर या झाडांचे काय, हा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. झाडे सुंदर आहेत, पण वाहने वेगाने जातात. वडाकडे पाहत सायकल चालवू नये, थांबून पाहावे. अझीझनगरच्या पुढे चिलकूरचा फाटा लागतो. तेथेच मृगवनी राष्ट्रीय उद्यान आहे, क्षेत्रफळ जेमतेम ३.६ चौरस किलोमीटर. चितळ, सांबर, रानडुक्कर आणि मोर तेथे आहेत. सायकली दाराशी ठेवून आत पायी जावे. घंटीच्या आवाजाने सांबर दिसत नाही. चिलकूरच्या बालाजीच्या देवळापर्यंत गेले, की उस्मानसागराचा दुसरा काठ जवळ येतो.

जलाशयाला पुरा वेढा घालण्याचा हट्ट मात्र सोडावा. काठाने अखंड रस्ता नाही, आणि तो नाही हेच पाण्याच्या हिताचे आहे. १९९६ साली निघालेल्या १११ क्रमांकाच्या सरकारी आदेशाने दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरांत, ८४ गावांच्या हद्दीत, प्रदूषण करणारे कारखाने आणि मोठी बांधकामे यांना मनाई केली होती. एप्रिल २०२२ मध्ये हे निर्बंध उठविण्याचा आदेश निघाला. जमिनीला भाव मिळावा ही त्या गावकऱ्यांची इच्छा अन्यायाची म्हणता येत नाही. पण पाणलोटाच्या भूमीवर सिमेंट पसरले, तर पावसाचे पाणी मुरत नाही. ते एकदम धावत येते, आणि सोबत गटारही आणते. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुसीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरले. १९०८ चा पूर केवळ इतिहासाच्या तासाचा विषय राहिलेला नाही.

जाणाऱ्यांनी पुढील तयारी करावी. निघण्याची वेळ पहाटे साडेपाच. म्हणून पुढे दिवा आणि मागे तांबडा दिवा हवाच. माणशी दोन लिटर पाणी, एक पंप, पंक्चरचे सामान आणि गूळ-शेंगदाणे. पाच-सहांच्या तुकडीत एक शिक्षक किंवा पालक, आणि सर्वांत मंद चालणारा मुलगा सर्वांच्या पुढे. प्रत्येकाच्या खिशात एक वही असावी. तीत चढ कोठे लागला, वारा कोणत्या बाजूने आला आणि काठावरचे पाणी किती खाली आहे, एवढे टिपून ठेवावे. पुढच्या वर्षीच्या तुकडीला त्याच जागी उभे राहून पुन्हा मोजता येईल.