‘सफ्रगन’ बिशप म्हणजे कोण?



आपला औरंगाबाद धर्मप्रांत हा नागपूर महाधर्मप्रांताचा ‘सफ्रगन’ धर्मप्रांत आहे. म्हणजे आपले बिशप आपल्या धर्मप्रांताचे पूर्ण अधिकार असलेले मेंढपाळ आहेत आणि धर्मप्रांत नागपूरच्या आर्चबिशपांच्या प्रांतात मोडतो. अँग्लिकन मंडळीत मात्र ‘सफ्रगन’ म्हणजे मुख्य बिशपांना मदत करणारे दुसरे बिशप, आपल्याकडच्या सहाय्यक बिशपांसारखे. शब्द एक, पदे दोन! आपल्यातील अनेकांचे सोयरे प्रॉटेस्टंट मंडळीत आहेत, म्हणून हा इतिहास समजून घेऊ या.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मत किंवा पाठिंबा. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात १५३४ साली कायदा झाला आणि अशा बिशपांच्या पदांसाठी २६ गावांची नावे ठरली. त्याच शतकाच्या अखेरीस नेमणुका थांबल्या. पुढे १८७० साली डोव्हर व नॉटिंगहॅम येथे त्या पुन्हा सुरू झाल्या.

भारतात ‘सहाय्यक बिशप’ हेच नाव रूढ झाले. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात व्ही. एस. अझरिया यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. ते मद्रासच्या बिशपांचे सहाय्यक आणि पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. त्यांचे दोर्नाकल निजामाच्या राज्यात होते. आपले जालनाही तेव्हा त्याच राज्यात. आपल्या महाराष्ट्रात फिलिप लॉइड १९२५ साली मुंबईचे सहाय्यक बिशप झाले आणि १९२९ साली नव्या नाशिक धर्मप्रांताचे पहिले बिशप.

जालन्याची गोष्ट मात्र निराळी. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली, ती स्कॉटिश मिशनची. त्या परंपरेत बिशप नसतात; मंडळीचा कारभार पाळक आणि वडीलजन पाहतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व इतर मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बिशप नसलेल्यांनी बिशपपद स्वीकारले, तर बिशप असलेल्यांनी पाळक व प्रापंचिकांसह मिळून निर्णय घेण्याची रीत.

यातून आपण काय शिकावे? सहाय्यकाचे पद कमी मोलाचे नाही. अझरिया आणि लॉइड यांच्या सेवेची सुरुवात त्याच पदाने झाली. आणि ऐक्यासाठी प्रत्येकाला आपला हट्ट थोडा सोडावा लागतो. जानेवारीतील ख्रिस्तैक्य सप्ताहातच नव्हे, तर घरच्या रोजच्या प्रार्थनेतही आपण या बांधवांची आठवण ठेवू या.