हेडलाइटच्या मोटरचा अर्थ आधी तपासा

माझ्या गाडीच्या मॉडेलला हेडलाइटचा झोत वर-खाली करणारी मोटर कंपनीनं दिलेली नव्हती. ती मी नंतर बसवून घेतली. दोन्ही दिव्यांमागे एकेक मोटर आणि डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांचं चाक. वायरमननं चाक फिरवलं, झोत हलले, काम झालं. पुढे एकदा रात्री कुंभार्ली घाटात मागची सीट आणि डिकी भरलेली होती. चाक 3 वर असूनही समोरचे सारखे डिपर मारत होते. एका वळणावर एक दुचाकीवाला डोळ्यांवर हात धरून कडेलाच थांबला. माझ्या गाडीमुळे कुणावर दरीच्या कडेला असं थांबायची वेळ यावी, हे मला सहन होईना.

घरी आल्यावर भिंतीवर झोत टाकून पाहिला, तर उजवा डाव्यापेक्षा चांगलाच वर. मोटर ठणठणीत होती. तिची अर्थची वायर बल्बच्या अर्थला जोडून बॉडीवर स्क्रूनं कसली होती. स्क्रू काढला, तर वॉशरखाली रंग तसाच! रंगावरून अर्थ कसा मिळणार?

या मोटरला तीन वायरी असतात: 12 व्होल्ट, अर्थ आणि चाकाकडून येणारा सिग्नल. चाक ठरावीक व्होल्टेज पाठवतं. मोटर ते स्वतःच्या अर्थपासून मोजते आणि त्याप्रमाणे सरकून थांबते. 55 वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो. त्याच्या अर्थच्या सांध्यात पाव ओहम रोध राहिला, तरी व्होल्टभराचा फरक पडतो आणि तेवढ्यानं झोत आकडाभर सरकू शकतो.

म्हणून दोन्ही मोटरींचा आणि चाकाचा अर्थ एकाच ठिकाणी, रंग खरवडून, बल्बपासून वेगळा घ्या. 12 व्होल्टही तिघांना एकाच लाइनवरून द्या, मध्ये छोटा फ्यूज टाका. दोन्ही मोटरी एकाच जातीच्या हव्यात. काहींत व्होल्टेज वाढलं की झोत खाली येतो, काहींत वर जातो. कपलर दिसायला सारखे असले तरी पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, तेव्हा वायरींच्या रंगावर विसंबू नका. कपलर लावण्याआधी मल्टीमीटरनं चारही आकड्यांवर सिग्नल मोजा. प्रत्येक आकड्याला व्होल्टेज वेगळं आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखं आलंच पाहिजे.

मग सेटिंग. जागा सपाट, टायरमध्ये नेमकी हवा, चालक सीटवर, चाक 0 वर, भिंत 5 मीटरवर. दिव्याच्या मध्याच्या उंचीला भिंतीवर खडूनं रेघ मारा. झोताची वरची कड त्या रेघेच्या साधारण 5 सेंटिमीटर खाली हवी. आपल्याकडे ती डाव्या बाजूला थोडी वर चढते, ते बरोबरच आहे. इंजिन सुरू ठेवून एसी, वायपर, इंडिकेटर लावून पाहा. झोत जागचा हलला, तर गाडी वायरमनकडे परत न्या आणि अर्थचा स्क्रू तुमच्यासमोर उघडायला सांगा.